रक्ततपासणीवरून नीट की बीकॉम ठरत नाही

डिचोलीहून एका वडिलांचं पत्र आहे. मुलगा बारावी सायन्सला. सात महिन्यांपूर्वी दुचाकीच्या अपघातात मित्र गेला, हा मागे बसला होता. तेव्हापासून झोप नाही, हॉर्न वाजला की दचकतो. ‘ताण सोसण्याचं केमिकल कमी आहे का, याची टेस्ट कुठे होते? कमी निघालं तर नीट सोडून बीकॉमला घालतो.’

पत्रात मार्कांवर पंधरा ओळी आहेत, गेलेल्या मित्रावर एक. आणि भीती मोडायला दर रविवारी त्याला अपघाताच्या त्याच वळणावर नेता, हे तर आधी बंद करा. भीती शिगेला असताना तो तिथून निघतो, म्हणजे ‘सुटलो’ एवढंच मेंदू शिकतो आणि पुढच्या खेपेला भीती वाढते. हीच गोष्ट थेरपिस्ट करून घेतात, पण मुलाच्या संमतीने, पायरीपायरीने आणि भीती ओसरेपर्यंत थांबून.

आता टेस्टचं. न्यूरोपेप्टाइड वाय नावाचं रसायन खरंच आहे. ताणात नॉरअ‍ॅड्रेनलिन हे शरीराला सावध करणारं रसायन उसळतं, त्याला ते लगाम घालतं. अमेरिकी लष्कराच्या सर्व्हायव्हल ट्रेनिंगमधल्या सैनिकांवरचा अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. ट्रेनिंगमधल्या लुटुपुटीच्या उलटतपासणीच्या ताणात स्पेशल फोर्सेसच्या जवानांमध्ये ते इतरांपेक्षा जास्त वाढलं, आणि 24 तासांनी मूळ पातळीवर आलं. इतरांचं मूळ पातळीच्याही खाली गेलं. पण ही गटाची सरासरी. एका मुलाचं रक्त काढून त्याचा कणखरपणा सांगणारी टेस्ट कुठल्याच लॅबमध्ये नाही. कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन तर सकाळी चढलेलं आणि रात्री उतरलेलं असतं. शिवाय आघातानंतरच्या आजारात ते बऱ्याचदा वाढलेलं नसतंच. लॅबवाले पैसे घेतील, आकडा देतील. त्यावरून मुलाचं आयुष्य ठरवणार?

लक्षणं महिन्याच्या वर टिकली, की तो मनाचा कमकुवतपणा नव्हे, तपासण्यासारखा आजार. बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजजवळच्या मनोविकार संस्थेच्या ओपीडीत न्या, या आठवड्यातच. तोवर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 मोफत आहे. आघातावरची थेरपी साधारण 8 ते 16 बैठकांची. डॉक्टरांना गरज वाटली तर सर्ट्रालिन हे औषध, ज्याचा गुण यायला काही आठवडे लागतात. मध्ये स्वतःहून बंद करू नका. रात्री दोनपर्यंत जागवून अभ्यास तर नकोच, भीती विझवण्याचं बरंच काम झोपेत होतं.

यंदा बोर्ड तेवढं द्यावं. पुढे मेडिकलला नीट, आयसर या विज्ञान संस्थांना आयएटी ही प्रवेश परीक्षा, नाहीतर मानसशास्त्राची पदवी. ते तो नीट झोपायला लागला की त्यालाच विचारा. आणि पुढचं पत्र त्याला लिहू द्या.