दवाखान्यातल्या मशीनमधूनही एक्स-रेच निघतात, मग सिंक्रोट्रॉन कशाला?

तुमचा प्रश्न रास्त आहे. किरण तेच, मग इंदूरला इंडस-२सारखं १७२.५ मीटर घेराचं सिंक्रोट्रॉन यंत्र का उभारायचं, आणि एमएस्सीनंतर तिथं काम करायला मिळतं का?

किरण तेच खरे, पण ते किती दाटीनं आणि किती अरुंद झोतात येतात यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दवाखान्यातल्या नळीत इलेक्ट्रॉन धातूवर आपटतात आणि एक्स-रे चहूकडे फाकतात. हाड मोडलंय का बघायला तेवढं पुरतं. सिंक्रोट्रॉनमध्ये जवळपास प्रकाशाच्या वेगानं धावणारे इलेक्ट्रॉन चुंबकांनी वळवतात. चिखलातून गेलेल्या सायकलच्या चाकावरून शिंतोडे उडावेत तसा प्रत्येक वळणावर स्पर्शरेषेच्या दिशेनं प्रकाश सुटतो, आणि वेगामुळं तो पुढच्याच दिशेला एकवटलेला राहतो. १९४७ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत तो पहिल्यांदा दिसला. त्वरक, म्हणजे कणांना वेग देणारी अशी यंत्रं, चालवणाऱ्यांच्या लेखी ती बरीच वर्षं नुसती ऊर्जेची गळती होती!

शिवाय या प्रकाशातून हवी ती तरंगलांबी निवडता येते. प्रखरता आणि निवड या दोन्हींनी काय साधतं हे सांगायला मला आर्किमिडीजच्या हस्तलिखिताइतकं सुंदर उदाहरण माहीत नाही. त्याच्या ग्रंथांची दहाव्या शतकातली चर्मपत्रावरची प्रत तेराव्या शतकात खरवडून तिच्यावर प्रार्थना लिहिल्या गेल्या. विसाव्या शतकात कुणीतरी काही पानांवर सोनेरी बनावट चित्रंही रंगवली. त्या चित्रांखालचं साध्या किंवा अतिनील प्रकाशात वाचता येईना. पण मूळ शाईत लोह होतं. २००५ साली स्टॅनफर्डच्या सिंक्रोट्रॉनवर केसाएवढा बारीक झोत पानावरून बिंदू-बिंदूनं फिरवला. झोताची ऊर्जा अशी निवडली की लोहाचे अणू स्वतःच्या ठरावीक ऊर्जेचे एक्स-रे परत सोडतील. ते मोजत गेल्यावर चित्राखालची ग्रीक अक्षरं उमटली. एक्स-रे चर्मपत्राच्या आरपार जात असल्यामुळं पाठपोट दोन्ही बाजूंचा मजकूर एकमेकांत मिसळून आला, तो सोडवण्याचं किचकट काम अभ्यासकांना करावं लागलं. एका बिंदूवर लोह असतं लेशमात्र. मंद झोतानं एवढ्या बारकाईनं एकच पान मोजायचं म्हटलं तरी काळाचा हिशेब हाताबाहेर गेला असता.

जीवशास्त्रातही हीच गोष्ट. पेशीत प्रथिनं घडवणाऱ्या रायबोसोमचे स्फटिक किरणांचं विवर्तन (ज्यावरून रचना ओळखतात ते ठरावीक दिशांना विखुरणं) फार क्षीण करतात. शिकागोजवळच्या आर्गॉन प्रयोगशाळेसारख्या ठिकाणचा सिंक्रोट्रॉन झोत होता म्हणून वेंकी रामकृष्णन यांच्या गटाला २००० साली रायबोसोमच्या लहान भागाची अणुपातळीवरची रचना मांडता आली. अनेक प्रतिजैविकं नेमकी कुठं चिकटतात तेही त्यातून दिसलं. २००९चं रसायनशास्त्राचं नोबेल या विषयालाच मिळालं.

आता तुमच्याबद्दल. इंडस-२ राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात आहे. विद्यापीठांतले संशोधक मार्गदर्शकामार्फत बीमटाइमसाठी, म्हणजे झोत वापरायला मिळणाऱ्या वेळेसाठी, प्रस्ताव पाठवतात, पीएचडीचे विद्यार्थी तिथं जाऊन मोजमापं घेतात. याहून प्रखर झोत लागला तर जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या किंवा इटलीतल्या ट्रिएस्टच्या सिंक्रोट्रॉनवर भारतीय गट जातात. प्रस्ताव लिहिण्याआधी नमुना कॉलेजच्या साध्या एक्सआरडी (एक्स-रे विवर्तन) यंत्रावर तपासा, आणि तिथं काय दिसलं नाही ते आलेखासकट प्रस्तावात दाखवा. प्रस्ताव वाचताना मी तरी सगळ्यात आधी तेच शोधतो.