फिजिक्स सोडून मानवी हक्कांचं काम? नागपूरच्या एका आईच्या पत्राला उत्तर

पत्र : “माझी मुलगी इथेच नागपुरात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, फिजिक्स घेऊन. अभ्यासात पहिल्यापासून हुशार. एमएस्सी, मग नेट-सेट, मग प्राध्यापकी, असं आमचं ठरलेलं. पण गेले काही महिने ती साखारोव नावाच्या रशियन शास्त्रज्ञाबद्दल वाचते आहे. आता म्हणते, बीएस्सी झालं की फिजिक्स बंद, एखाद्या संस्थेत जाऊन मानवी हक्कांचं काम करणार. तिचे बाबा तिच्याशी धड बोलत नाहीत. तिला कसं समजवावं? आणि खरं सांगा, अशा माणसांचं पुढे होतं काय?”

ताई, नमस्कार.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. बाबांचा अबोला त्याच भीतीतून आला असावा.

आंद्रेई साखारोव हे सोव्हिएत संघाचा हायड्रोजन बॉम्ब घडवणाऱ्यांपैकी एक, नंतर मानवी हक्कांसाठी आपल्याच सरकारविरुद्ध बोलू लागलेले शास्त्रज्ञ. त्यांचं पुढे जे झालं ते सोपं नव्हतं. २२ जानेवारी १९८० रोजी मॉस्कोत त्यांची गाडी रस्त्यातच अडवली आणि त्यांना ताब्यात घेतलं. खटला चालला नाही, शिक्षा सुनावली नाही. थेट गॉर्की शहरात नेऊन ठेवलं, जिथे परदेशी माणसांना जायला बंदी होती. दारावर पोलीस, घरात फोन नाही. आठवणी लिहायला घेतल्या, तर हस्तलिखित चोरीला जाई. म्हणून ते पिशवीत घालून सोबत बाळगायचे, तर पिशवीच पळवली. त्यांनी पुन्हा लिहायला घेतलं. उपोषण केलं, तेव्हा हॉस्पिटलात जबरदस्तीने अन्न भरवलं. अशी जवळजवळ सात वर्षं गेली. डिसेंबर १९८६ मध्ये अचानक माणसं येऊन घरात फोन बसवून गेली आणि दुसऱ्या दिवशी त्यावर खुद्द सोव्हिएत नेते गोर्बाचेव बोलले : मॉस्कोला परत या. साखारोव यांनी त्याच संभाषणात इतर राजकीय कैद्यांच्या सुटकेचा विषय काढला. १९८९ मध्ये ते लोकप्रतिनिधी म्हणून निवडून आले आणि त्याच वर्षी १४ डिसेंबरला, ६८ व्या वर्षी गेले.

हे सगळं तुमच्या मुलीने वाचलेलं असणार. मला काळजी वाटते ती तिने बहुधा घाईत उलटलेल्या पानांची, म्हणजे या आयुष्याच्या पहिल्या अर्ध्या भागाची.

साखारोव यांचे वडील फिजिक्स शिकवायचे. दुसऱ्या महायुद्धात मॉस्को विद्यापीठ तुर्कमेनिस्तानातल्या अश्गाबादला हललं, तिथे १९४२ मध्ये मुलाने पदवी घेतली आणि तो उल्यानोव्स्कच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला लागला. तिथे त्याने चिलखतभेदी गोळ्यांचा गाभा नीट कठीण झाला आहे का, हे तपासायचं उपकरण बनवलं. १९४५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ इगोर ताम यांच्या हाताखाली संशोधन सुरू झालं. १९४८ पासून हायड्रोजन बॉम्बचं काम. १२ ऑगस्ट १९५३ ला चाचणी झाली आणि त्याच वर्षी वयाच्या ३२ व्या वर्षी ते विज्ञान अकादमीचे पूर्ण सभासद झाले. पुढे देशाचा सर्वोच्च नागरी किताब तीनदा मिळाला. अणुसंमीलनाची, म्हणजे हलके अणू एकत्र जोडताना निघणारी ऊर्जा चुंबकीय क्षेत्रात कोंडून वापरायची टोकामॅकची कल्पनाही ताम आणि साखारोव या दोघांचीच.

मग हा माणूस वळला कुठे? ही जागा मुलीला मुद्दाम दाखवा, कारण ते वळण एका गणितात आहे. अणुस्फोटातले न्यूट्रॉन हवेतल्या नायट्रोजनवर आदळले की कार्बन-१४ हा किरणोत्सर्गी कार्बन तयार होतो. त्याचं अर्धआयुष्य, म्हणजे तो घटून निम्मा उरायला लागणारा काळ, सुमारे ५,७३० वर्षं. तो हवेतून झाडात, झाडातून अन्नात, अन्नातून माणसाच्या शरीरात येतो. एकेका माणसाला मिळणारी मात्रा अगदी किरकोळ, म्हणून तिकडे कोणी लक्ष देत नव्हतं. साखारोव यांनी ती किरकोळ मात्रा जगातली सगळी माणसं आणि पुढची हजारो वर्षं यांच्याशी गुणली. त्यांचा अंदाज निघाला, एका मेगाटनच्या (दहा लाख टन टीएनटीच्या ताकदीच्या) स्फोटामागे साधारण १०,००० बळी. कुणाचंही नाव सांगता येणार नाही, कुणाच्याही मृत्यूच्या दाखल्यावर ते कारण लिहिलं जाणार नाही, पण माणसं जाणार. १९५८ मध्ये त्यांनी हे छापलं. १९६१ मध्ये चाचण्या पुन्हा सुरू करू नका म्हणून तेव्हाचे सोव्हिएत नेते ख्रुश्चेव यांना चिठ्ठी पाठवली, त्यावर सर्वांदेखत बोलणी खाल्ली. १९६३ मध्ये हवेत, पाण्याखाली आणि अवकाशात चाचण्या बंद करणारा करार झाला, त्याच्या मागेही त्यांचा आग्रह होता.

म्हणजे हक्कांची लढाई त्यांच्याकडे फिजिक्सच्याच दारातून आली. नंतरही त्यांनी ते दार लावलं नाही. १९६७ मध्ये, विश्वात द्रव्य उरलं आणि प्रतिद्रव्य, म्हणजे द्रव्याचं विरुद्ध भाराचं जुळं रूप, का उरलं नाही यावर त्यांनी एक छोटा निबंध लिहिला. त्यातल्या तीन अटी आजही विश्वरचनाशास्त्रात ‘साखारोव अटी’ म्हणून शिकवतात. पुढच्याच वर्षी त्यांचा विचारस्वातंत्र्यावरचा लेख परदेशात छापून आला आणि गुप्त संशोधनातून त्यांची हकालपट्टी झाली. १९७० मध्ये दोन सहकाऱ्यांसोबत त्यांनी मानवी हक्क समिती काढली. १९७५ चं शांततेचं नोबेल घ्यायला त्यांना देशाबाहेर जाऊ दिलं नाही. पत्नी येलेना बोनर यांनी ओस्लोत ते स्वीकारलं, तेव्हा साखारोव लिथुआनियातल्या विल्नियसच्या कोर्टाबाहेर उभे होते, कारण आत सर्गेई कोवाल्योव या जीवभौतिकशास्त्रज्ञ मित्रावर खटला चालू होता. आणि गॉर्कीतल्या त्या पहाऱ्यातल्या घरातही फिजिक्सचे निबंध लिहिणं सुरूच होतं.

आता नागपूरकडे येऊ. ‘फिजिक्स बंद’ हे तिचं वाक्य मला मान्य नाही. ‘प्राध्यापकीच कर’ हे तुमचंही नाही.

कोराडी आणि खापरखेड्याची कोळशावरची वीज केंद्रं आपल्या शहराला लागून आहेत. आजूबाजूच्या गावांतली माणसं राखेबद्दल वर्षानुवर्षं बोलताहेत. हवेतल्या बारीक धुळीचं वजन काढायची एक रूढ पद्धत अशी : धूळ फिल्टरच्या पट्टीवर जमवायची, तिच्यातून बीटा किरण, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन, सोडायचे आणि किती अडले ते मोजायचं. तुमच्या लेकीने कॉलेजच्या प्रयोगशाळेत गायगर काउंटर हे किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र घेऊन बीटा किरणांच्या शोषणाचा प्रयोग केला असेल, तर हे तत्त्व तिच्या जर्नलमध्ये आधीच लिहिलेलं आहे. पीएम २.५, म्हणजे फुप्फुसात खोल जाणाऱ्या अतिबारीक धुळीसाठी, आपल्याकडे २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम. स्वच्छ हवा-पाणी हा जगण्याच्या हक्काचा, राज्यघटनेच्या कलम २१ चा भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितलं. पण तो हक्क मागायला गेलेल्या गावकऱ्याच्या बाजूने आकडा वाचणारं, उपकरण कुठे बसवलं होतं हे विचारणारं माणूस लागतं. भाषण करणारी माणसं मिळतात, असं माणूस शोधावं लागतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे : एमएस्सी करावी. फेब्रुवारीतली आयआयटी जॅम ही एमएस्सीची प्रवेश परीक्षा द्यावी, नाहीतर आपल्या विद्यापीठाचा विभाग आहेच. प्रोजेक्ट निवडताना किरणोत्सर्ग, वातावरण किंवा मोजमापाची उपकरणं याकडे वळावं. त्यानंतरही ओढ तशीच राहिली तर तीन वर्षांचं एलएलबी. त्याची सीईटी कुठल्याही शाखेच्या पदवीधराला देता येते. मात्र एमएस्सी आणि एलएलबी दोन्ही नियमित एकाच वेळी करायचा बेत नको, बार कौन्सिलच्या नियमांत ते बसत नाही. वकिलीला उशीर होईल ही भीती सोडा. आंध्रातले के. बालगोपाल गणितात डॉक्टरेट, विद्यापीठात प्राध्यापक, नागरी हक्कांच्या चळवळीत वर्षानुवर्षं, आणि वकिली सुरू केली ती चाळिशी उलटल्यावर. विनोद रैना यांनी दिल्ली विद्यापीठातली फिजिक्सची नोकरी सोडली खरी, पण ते होशंगाबादकडच्या खेड्यांतल्या मुलांना विज्ञान हाताने करून शिकवण्याच्या कामात शिरले, भोपाळच्या वायुपीडितांसाठी झटले आणि पुढे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या मसुद्यातही त्यांचा वाटा होता.

तोवर तिने हात बांधून बसावं असं मी म्हणत नाही. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. ते पॅरा लीगल व्हॉलंटियर नेमतं, त्यासाठी कायद्याची पदवी लागत नाही. निवड झाली तर प्रशिक्षण मिळतं, मग लोकांना अर्ज लिहून देणं, मोफत वकिलाची वाट दाखवणं. एखादी म्हातारी बाई फाटक्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढून समोर ठेवते आणि त्यातला कामाचा कागद कोणता हे तिला माहीत नसतं. ते शोधण्यात अख्खी सकाळ जाते. हक्कांचं काम बरंचसं असंच असतं. हे तिला आवडतं का, ते तिला इथेच कळेल.

पैशाचंही सांगते. संस्थांमधल्या नोकऱ्या बहुधा प्रकल्पापुरत्या असतात, प्रकल्प संपला की नवी शोधावी लागते. हातात एमएस्सी असली तर मधल्या काळात शिकवता येतं, प्रयोगशाळेत काम मिळतं. बाबांना ही बाजू आधी सांगा. आणि त्यांना एवढं विचारा की मुलीशी बोलायचं बंद करून ते तिला नक्की कशापासून वाचवताहेत. तिला आयुष्यात कधीच त्रास होणार नाही अशी हमी मी देऊ शकत नाही, प्राध्यापकीही देऊ शकत नाही.

सहावं सेमिस्टर संपायच्या आत तिघंही या. तिने गुणपत्रिका आणि फिजिक्सचं प्रॅक्टिकल जर्नल घेऊन यावं. बाबांनी त्यांच्या सगळ्या शंका कागदावर लिहून आणल्या तर फार बरं होईल, समोरासमोर एकेक घेता येईल.