आईसाठी अनोळखी माणूस शोध

मेलबर्नहून एका वाचक मुलीचं पत्र आलं आहे. माहेर नागपूरचं, त्रिमूर्तीनगरातलं. वडील गेल्या वर्षी गेले, आई आता घरात एकटी आहे. ती लिहिते:

"मावशी, आई रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागी असते, हे मला तिच्या व्हॉट्सॲपवरून कळतं. भजनी मंडळ सोडलं. जेवलीस का विचारलं की हो म्हणते, पण कामाच्या बाई सांगतात की भाजी तशीच पडून असते. मी काही बोलले की म्हणते, 'मला काय धाड भरली? तू काहून टेन्शन घेऊन राहिली?' तिच्यासाठी नागपुरात एखादा चांगला समुपदेशक सुचवा. शक्यतो मराठी, घरच्यासारखं वागणारा, आणि मुख्य म्हणजे आपल्या ओळखीतला. धरमपेठेत माझ्या मामेवहिनीची मैत्रीण हे काम करते म्हणे. तिचंच नाव पक्कं करू का?"

नको गं. पक्कं करू नकोस.

पत्रात बाकीही बरंच आहे. मुलगा मराठी बोलत नाही, नवऱ्याला हे सगळं पटत नाही, आईला कायमचं तिकडे न्यायचं का, तुझी स्वतःची झोप उडाली आहे. त्याकडे मी शेवटी येईन, पण थोडक्यातच. 'आपल्या ओळखीतला' हे तुझे शब्द वाचून मी थांबले आणि आज त्यावरच बोलणार आहे. हे सदर नेमाने वाचणाऱ्यांनी हे माझ्याकडून आधी ऐकलं असेल. पुन्हा ऐकावं, कारण अशी पत्रं यायची थांबलेली नाहीत.

आपण परदेशात राहणारे लोक गावाकडची सगळी कामं ओळखीवर चालवतो. बोअरची मोटर बिघडली, मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, घरपट्टी भरायची आहे, की पहिला फोन मित्राला किंवा चुलतभावाला. त्यात चूक काहीच नाही. आपण तिथे नसतो, म्हणून आपला कोणीतरी तिथे असावा असं वाटतं. मीही इंग्लंडात कोव्हेंट्रीला असताना सासूबाईंची सगळी औषधं अशीच ओळखीच्या दुकानातून घरपोच करत असे. पण मनातलं बोलायचं काम या यादीत बसत नाही. मोटर दुरुस्त करणारा ओळखीचा असला तर काम नीट होतं. समुपदेशक ओळखीचा असला तर काम सुरूच होत नाही.

का, ते माझ्या आत्याच्या गोष्टीवरून सांगते. आत्याचे यजमान गेले आणि तिचंही तुझ्या आईसारखंच झालं. झोप नाही, जेवण नाही, दिवसभर पलंगावर पडून राहणं. थोरल्या काकांनी ठरवलं की घरची गोष्ट घरातच राहावी, आणि एका ओळखीच्या बाईंना बोलावलं. बाई मनाने चांगल्या होत्या, शिकलेल्याही होत्या. पण आत्याच्या यजमानांच्या पंगतीला त्या कितीदा तरी जेवल्या होत्या. त्यांच्यापुढे आत्या दर आठवड्याला रडायची, "हे फार चांगले होते हो" म्हणायची आणि बाई निघून गेल्या की पुन्हा पलंगावर. पुढे माझ्या आतेबहिणीने तिला शहराच्या दुसऱ्या टोकाला, ज्यांना आमचं आडनावही माहीत नव्हतं अशा मानसतज्ज्ञांकडे नेलं. तिथे काही भेटींनंतर आत्याने पहिल्यांदा तोंड उघडलं. यजमान गेल्यावर तिला हलकं वाटलं होतं. चाळीस वर्षं त्या माणसाच्या रागाला भिऊन काढल्यावर पहिल्यांदा घर शांत झालं होतं, आणि असं वाटणं हे पाप आहे, याच विचाराने तिची झोप उडाली होती. हे ती त्यांच्या पंगतीला जेवलेल्या बाईंना कसं सांगणार होती?

तिने हे नंतर स्वतःहून मला सांगितलं आणि इतरांनाही सांग म्हणाली, म्हणून लिहिते आहे.

तुझ्या आईच्या मनात असंच काही असेल असं मी म्हणत नाही. तिचं दुःख अगदी सरळ असू शकतं. पण तिच्या मनात जे काही आहे, त्यात तू असशील, तुझे बाबा असतील, आणि मामेवहिनीच्या सासरचं काही असण्याचीही शक्यता आहे. नागपूर पसरलं कितीही, तरी धरमपेठ, लक्ष्मीनगर, बजाजनगर इथलं आपलं मराठी वर्तुळ लहान आहे. त्या मैत्रिणीने एक अक्षर बाहेर काढलं नाही, तरी पुढच्या हळदीकुंकवाला ती समोर बसलेली असणार आणि आईला वाण घेताना वाटणार, हिला सगळं माहीत आहे. एवढं वाटलं तरी पुढच्या भेटीत आई फक्त गुडघ्यांबद्दल बोलेल.

आणि आता तुला जरा रागावते. पत्राच्या तिसऱ्या पानावर तू लिहितेस, "फी मीच भरणार आहे, त्यामुळे प्रत्येक भेटीनंतर काय झालं हे मला कळलं तर बरं." नाही कळणार, आणि कळू नये. आपल्याकडच्या 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. जिवाला धोका असण्यासारखे मोजके प्रसंग सोडले, तर आईने सांगितलेलं तुला सांगायची मुभा उपचार करणाऱ्याला नाही. आईची इच्छा असेल तर ती तुला आपली नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणून लिहून देऊ शकते, तीही तरतूद त्याच कायद्यात आहे. पण ते तिने ठरवायचं. ओळखीतला माणूस हवा यामागे 'तो मला आतली बातमी देईल' ही आशा असते, हे मी अनेक पत्रांत पाहिलं आहे. माया आहे ती, कबूल. पण आईला बोलायला एक जागा दिलीस तर तिथे कान लावून उभी राहू नकोस.

मराठी हवं, हा तुझा आग्रह मात्र शंभर टक्के बरोबर आहे. त्यावर अडून बस. सत्तरीच्या आसपासच्या बाईने आपलं दुःख हिंदीत किंवा इंग्रजीत मांडावं ही अपेक्षाच चुकीची. भाषा आपली, माणूस परका, असं शोध.

आता शोधायचं कसं. समुपदेशकाच्याही आधी तिला तिच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे पाठव. थायरॉईड, हिमोग्लोबिन, साखर आणि बी-12 तपासून घे. थायरॉईड मंदावलं की माणूस उदास आणि सुस्त होतो. बी-12 कमी झालं तर थकवा, विसरभोळेपणा आणि उदासी येते, आणि वर्षानुवर्षं शाकाहारी असलेल्या आपल्या बायकांमध्ये ते बऱ्याचदा कमी निघतं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही झोपेवर परिणाम होतो, तेव्हा चालू औषधांची चिठ्ठी सोबत दे. शिवाय वय झालेल्या माणसाचं नैराश्य बऱ्याचदा 'मी उदास आहे' असं बोलून दाखवत नाही. ते अंगदुखी, बद्धकोष्ठता, तोंडाला चव नसणं अशा रूपात येतं. म्हणून घरातले पित्ताच्या गोळ्या देत बसतात.

तपासण्या ठीक आल्या आणि तरीही झोप नि भूक गेलेली असेल, वजन उतरत असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ गाठ. म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात एमडी केलेले डॉक्टर. औषध लिहून द्यायचं असेल तर तेच देतील. नागपुरात खाजगी दवाखाने भरपूर आहेत, आणि मेडिकल, मेयो व मिहानमधलं एम्स या तिन्ही सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे. आई सरकारी नाव ऐकून घाबरेल, ते मला समजतं. ज्या शहरात प्रादेशिक मनोरुग्णालयामुळे एका चौकाचं नावच पागलखाना चौक पडलं, तिथे आपल्या आयांच्या मनात काय बसलं असेल! तिला सांग की बाह्यरुग्ण विभागात चिठ्ठी काढून दाखवायचं आणि घरी यायचं, गुडघ्यांना दाखवतो तसंच.

बोलून उपचार करणाऱ्यांमध्ये क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हे भारतीय पुनर्वसन परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदलेले असावे लागतात. त्यांना नोंदणी क्रमांक असतो आणि आरसीआयच्या संकेतस्थळावर तो तपासता येतो. मेलबर्नमधून तू हे पाच मिनिटांत करशील. 'समुपदेशक' अशी पाटी मात्र दोन वर्षं एमए करून, कुणाच्या देखरेखीखाली काम शिकून आलेलाही लावतो आणि चार दिवसांचं शिबिर केलेलाही लावतो. म्हणून शिक्षण विचार. विचारायला लाजू नकोस, चांगल्या माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही. मामेवहिनीच्या मैत्रिणीला हे तू कधी विचारू शकली असतीस का? ओळख आड येते ती इथेही.

फोनवर आणखी विचार: वय झालेल्या, जोडीदार गेलेल्या माणसांबरोबर काम केलं आहे का? एक भेट किती वेळाची? साधारण पाऊण तास ते तास असावी, दहा मिनिटांत उपदेश करून पाठवणारा नको. औषधाची गरज वाटली तर कोणाकडे पाठवता? दवाखाना पहिल्या मजल्यावर असेल तर लिफ्ट आहे का? हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण गुडघे दुखणारी बाई जिने बघून दुसऱ्या वेळी जात नाही. आणि "सगळं विसरा, नातवंडांत मन रमवा, देवाचं नाव घ्या" असं पहिल्याच भेटीत ऐकवणारा कोणी असेल, तर पुन्हा जायचं नाही. देवाचं नाव ती घेतेच आहे.

तीन-चार भेटी होऊ दे. त्यानंतरही आईला तिथे मोकळं वाटत नसेल तर माणूस बदल. "त्यांना काय वाटेल" हा प्रश्न अनोळखी माणसाच्या बाबतीत उरतच नाही, बघ.

एक गोष्ट मात्र थांबून न राहण्याची. "आता कशासाठी जगायचं", "तुझ्या बाबांनी मला न्यायला हवं होतं" असं ती वारंवार म्हणू लागली किंवा दागिने, कागदपत्रं वाटायला लागली, तर थेट विचार, "आई, जीव द्यावा असं मनात येतं का?" असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो आलं, तर त्याच दिवशी कोणीतरी तिच्याजवळ राहायला जाऊ दे आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठ. या कामाला शेजारी, मामेवहिनी, सगळी ओळख वापर. टेलि-मानस ही सरकारची मोफत सेवा 14416 वर रात्रंदिवस चालते, मराठीतही. आईच्या फोनमध्ये तो नंबर आजच कोणाकडून तरी टाकून घे.

आता तू. नागपूरच्या कोणाशी तरी ऑनलाइन बोलेन, असं तू स्वतःसाठी म्हणतेस. आधी तिथल्या तिथे बघ. तुझ्या जीपीकडून, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडून, मेंटल हेल्थ ट्रीटमेंट प्लॅन करून घेतलास, तर मेडिकेअर या तिथल्या सरकारी आरोग्य विम्यातून कॅलेंडर वर्षात दहा वैयक्तिक भेटींपर्यंत फीचा काही भाग परत मिळतो. इंग्लंडातल्या वाचकांनी लक्षात ठेवावं की एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेच्या टॉकिंग थेरपीजकडे, म्हणजे बोलून उपचार करणाऱ्या विभागाकडे, जीपीच्या चिठ्ठीशिवाय थेट नाव नोंदवता येतं. माझ्या यजमानांची नोकरी गेली होती तेव्हा ते कोव्हेंट्रीत एका स्कॉटिश बाईंकडे जात. आमच्या मित्रमंडळींत ज्याची चर्चा होऊ नये असं त्यांना वाटे, ते सगळं ते तिथे बोलून यायचे, आणि घरी आल्यावर माझ्याशीही बोलू लागायचे. अमेरिकेत तुम्ही ज्या राज्यात बसून बोलता, तिथला परवाना थेरपिस्टकडे लागतो. मराठी थेरपिस्ट सापडली म्हणून कॅलिफोर्नियातून न्यू जर्सीला फोन लावण्याआधी हे विचारा. आणि तिकडच्या मराठी मंडळाच्या गणपतीत भेटणारी थेरपिस्ट ही तुमच्यासाठी 'ओळखीतली'च, हे वेगळं सांगायला नको.

मुलाच्या मराठीची काळजी या वर्षी बाजूला ठेव. नवऱ्याला पटवत बसू नकोस, आईची अपॉइंटमेंट घ्यायला त्याची संमती लागत नाही. आईला कायमचं नेण्याचा निर्णय ती नीट जेवू-झोपू लागेपर्यंत करू नकोस. आजारी मनाला घर सोडायला लावणं बरं नाही, आणि व्हिसाच्या रांगा कुठे पळून जात नाहीत.

आईला कसं सांगू, हे तू विचारलं आहेस. व्हिडिओ कॉलवर सगळ्यांदेखत सांगू नकोस. दुपारी तिची पोथी झाली की एकटीला साधा फोन लाव आणि म्हण, "आई, तुला झोप येत नाही म्हणून मला काळजी वाटते. एका डॉक्टरांची वेळ घेतली आहे. त्या आपल्या कोणाच्याच ओळखीच्या नाहीत, त्यांना काय सांगायचं आणि काय नाही ते तू ठरव, मी विचारणार नाही." ती नाही म्हणेल. चार दिवसांनी पुन्हा लाव.