हुरडा, रोहित पक्षी आणि बोरनहाण

प्रश्न : मुलगा सहा वर्षांचा, मुलगी दीड वर्षाची. जानेवारीत मुलीचं बोरनहाण आहे. त्याच सुमारास दोघांना घेऊन हुरड्याला जावं का? – एक आई, पुणे

उत्तर : अगं, जरूर जा! आमच्या नातवाला गेल्या थंडीत नेलं होतं. आगटीतल्या गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर ज्वारीचं कोवळं कणीस भाजून, हातावर चोळून, फुंकर मारली की तळहातावर हिरवे, वाफाळते दाणे उरतात. त्याने काळे झालेले हात धुवू दिले नाहीत! धाकटीला मात्र अख्खा दाणा देऊ नकोस, घशात अडकतो. खलबत्त्यात ठेचून, गूळ घालून दे. आगटीपाशी तिला कडेवरच ठेव.

भिगवण वाटेत असेल तर पहाटे निघा. उजनीच्या फुगवट्यावर कुंभारगावला मच्छीमार होडीतून रोहित पक्षी दाखवतात. लाइफ जॅकेट मुलांच्या मापाचं नसेल तर काठावरूनच बघा. कानटोपी विसरू नकोस, पाण्यावरचा वारा बोचतो.

बोरनहाण १४ जानेवारीलाच उरकायची घाई नको, रथसप्तमीपर्यंत करता येतं. आदल्या दिवशी प्रवास नको, पोर किरकिरी होते. कुरमुरे भरपूर घे, बोरं थोडी आणि ती बाजूने सोड, डोक्यावर नको. शेंगदाणे मी घालतच नाही. हलव्याचे दागिने फोटो झाला की लगेच काढ. थोरल्याला रुसू देऊ नकोस, पहिली ओंजळ त्याच्याच हातून ओत.