वृद्धांच्या देखभालीसाठी फक्त चाळिशीपुढच्यांवर कर लावणं न्याय्य आहे का?

मी सत्तेचाळिशीत आहे. असा कर आलाच तर माझ्याच खिशाला कात्री लागणार, हे आधी सांगून टाकतो. तरी माझं उत्तर 'हो' आहे, फक्त एक अट आहे: वय पाहून कर सुरू करा, पण वय पाहून माफ करू नका.

'हा वयावरून भेदभाव आहे' हे मला पटत नाही. जन्माने चिकटलेली गोष्ट वेगळी. चाळिशी तर जगला वाचला त्या प्रत्येकाला येतेच. जपानने २००० साली देखभाल विमा सुरू केला तेव्हा हप्त्यासाठी ४० हेच वय धरलं. पासष्टीनंतरही तिथे हप्ता चुकत नाही, तो उत्पन्नाप्रमाणे कमीजास्त होतो, आणि मला ही बाजू जास्त महत्त्वाची वाटते. खोट आहे ती मधल्या वयात. ४० ते ६४ वयाच्या माणसाला वार्धक्याशी निगडित १६ ठरावीक आजारांपैकी एखादा असेल तरच या विम्यातून सेवा मिळते. पंचेचाळिशीत अपघाताने अंथरुणाला खिळलेला माणूस हप्ते भरत असला, तरी त्याला अपंगांसाठीच्या वेगळ्या योजनेचं दार ठोठवावं लागतं.

ब्रिटनने एप्रिल २०२२ मध्ये आरोग्यसेवा आणि देखभालीसाठी राष्ट्रीय विम्याचा दर १.२५ टक्क्यांनी वाढवला. हा विमा पगारातून कापला जातो. पेन्शनवर आणि घरभाड्यावर तो लागत नाही. म्हणजे भाड्याच्या खोलीत राहणारी तिशीतली नर्स भरणार आणि तिचा सत्तरीतला घरमालक तिच्याच भाड्यावर निवांत. नोव्हेंबरात वाढ मागे घेतली. तरुणांवर अन्याय होतो तो असा, वयाचा एक शब्दही न लिहिता.

आता एक घरचं. वडील अंथरुणावर होते तेव्हा बहिणीने नोकरी सोडली. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायची, रात्रीसुद्धा गजर लावून, नाहीतर पाठीला जखमा होतात. मी पैसे पाठवायचो, ते त्यामानाने सोपं काम. तिची ती तीन वर्षं कुठल्याच हिशेबात नाहीत, वर तिच्याकडून हा करही घ्यायचा? जर्मनीत घरच्या माणसाची ठरावीक तासांहून जास्त देखभाल करणाऱ्याचा पेन्शनचा हप्ता देखभाल विमाच भरतो. चाळिशीचा कर आणायचा असेल तर त्याच कायद्यात हे कलम हवं, नंतर बघू म्हणून नाही.