वारली चित्रं हलती करण्याआधी

पाहणाऱ्याच्या बोटाच्या इशाऱ्यावर हलणारी वारली चित्रं करायची असतील, तर सेन्सर, प्रोजेक्टर नंतर बघ. आधी वारली आकृतीचं अंग समजून घे: टोकाला टोक भिडलेले दोन त्रिकोण. सगळा तोल त्या जोडावर असतो, म्हणून कोडमध्येही फिरण्याचा बिंदू तिथेच ठेव. हातपाय रबरासारखे वाकवलेस की कार्टून झालंच समज.

सुरुवात तारपा नाचापासून कर, कारण त्याचे नियम तयारच आहेत. मधे तारपा, म्हणजे भोपळ्याचं फुंकवाद्य, वाजवणारा, भोवती हात गुंफलेली साखळी. तो वळेल तशी ती वळते, त्याच्याकडे पाठ करत नाही. पाहणाऱ्याचं बोट म्हणजे तारपावाला धर. पुढचा नाचणारा बोटाचा रोख ओळखून वळेल, बाकीचे एकामागून एक, किंचित उशिराने. या उशिरातच सगळी गंमत आहे. तो शून्य केलास तर कवायत दिसेल. सॉफ्टवेअर कुठलं यावर वाद नको, पीफाइव्ह जेएस (p5.js) ही चित्रं कोडने काढायची जावास्क्रिप्ट लायब्ररी पुरते. रेघ मात्र तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने ओढलेली स्कॅन करून घे.

लग्नचौकाला, म्हणजे लग्नघराच्या भिंतीवरच्या चौकोनी चित्राला, हात लावू नकोस. त्यात पालघट देवी असते, सुवासिनी तो लग्नासाठी काढतात. टिचकी मारून उघडायची ती वस्तू नव्हे. आणि डहाणू-जव्हारकडच्या वारली चित्रकाराला पहिल्या दिवसापासून मानधन देऊन सोबत घे, शेवटी मत विचारायला नव्हे.