व्हिसा जाईल म्हणून गप्प बसावे का?

अमेरिकेत शिकणाऱ्या मराठी मुलामुलींकडून अलीकडे एकच प्रश्न इतक्या वेळा कानावर येतो की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहावे असे वाटले. मोर्चाला गेलो, निवेदनावर सही केली, इन्स्टाग्रामवर चार ओळी लिहिल्या. आता व्हिसा जाईल का, आणि यापुढे तोंडच उघडू नये का?

ही भीती निराधार नाही. मार्च २०२५ मध्ये टफ्ट्स विद्यापीठातील रुमेसा ओझतुर्क या तुर्की संशोधक विद्यार्थिनीला भर रस्त्यात ताब्यात घेण्यात आले, आणि चर्चेत आला तो तिने इतर तिघांसह विद्यार्थी वृत्तपत्रात लिहिलेला लेख. सहा आठवड्यांहून अधिक काळ ती कोठडीत होती. जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना समाजमाध्यमांवरील खाती सर्वांना दिसतील अशी ठेवायला सांगितले जाते, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून एच-१बी (नोकरीचा व्हिसा) व एच-४ (त्यांच्या कुटुंबीयांचा व्हिसा) च्या अर्जदारांनाही. अशा वेळी ‘तू उगाच घाबरतोस’ असे म्हणणारा समुपदेशक समोरच्याचा विश्वास पहिल्याच भेटीत गमावतो.

ऋता (नाव व तपशील बदलले आहेत, आणि तिच्यात दोन-तीन जणी मिसळल्या आहेत) माझ्याकडे समुपदेशनासाठी येत असे. ती पीएचडी करत होती आणि विद्यार्थी-कर्मचारी संघटनेत सक्रिय होती. रात्री दोनला उठून ती स्वतःच्याच जुन्या पोस्ट वाचत बसे.

“मी वाचत नाही, मॅडम. तो व्हिसा अधिकारी वाचतो. मी नुसती स्क्रोल करते.”

“वाचताना तो काय म्हणतो?”

“म्हणतो, शिकायला आलीस ना? मग नसत्या उठाठेवी कशाला? आपण बरं, आपलं काम बरं.”

“मराठी चांगलं आहे की त्याचं!”

ती हसली, आणि मग बराच वेळ काही बोलली नाही. “हे बाबा आहेत,” ती अखेर म्हणाली.

त्या आधीच्या भेटींत मी बरेच काही समजावले होते, परंतु काम केले ते या एका वाक्याने, आणि ते तिच्या तोंडून आले याचे मला समाधान आहे. विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर, म्हणजे भावनेमागचा विचार तपासून पाहण्याच्या पद्धतीवर, माझा जुना विश्वास आहे, आणि त्या चष्म्यातून मला दिसले ते असे : खऱ्या अधिकाऱ्याच्या अधिकाराला कायद्याची काहीतरी चौकट असते, ती माहीत करून घेता येते, मनातल्या अधिकाऱ्याला मात्र कितीही पोस्ट काढून टाकल्या तरी समाधान नसते, कारण त्याला आपली सुरक्षितता नको असते, शहाण्या मुलीसारखे वागणे हवे असते. दोघांना एकाच खुर्चीत बसवले की झोप उडणारच. त्यानंतर आम्ही अधिकाऱ्याचे प्रश्न वकिलाकडे पाठवले आणि बाबांचे प्रश्न आमच्याकडे ठेवले.

वकील म्हणजे स्थलांतर कायद्याचाच वकील. विद्यापीठाचे आंतरराष्ट्रीय कार्यालय कागदपत्रांसाठी उपयोगी असले तरी ते तुमचे वकील नव्हे. १९४५ मध्ये हॅरी ब्रिजेस या ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या गोदी कामगार पुढाऱ्याच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने परकीय रहिवाशांचेही भाषणस्वातंत्र्य मान्य केले होते, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील संघीय न्यायाधीशांनी ते पुन्हा ठामपणे सांगितले. तरीही हक्क असणे वेगळे आणि तो सिद्ध होईपर्यंतचे महिने काढणे वेगळे, म्हणून वकिलाचा क्रमांक कागदावर लिहून जवळ ठेवावा आणि एका विश्वासू मित्राकडेही द्यावा. व्हिसाच्या अर्जात मागील पाच वर्षांत वापरलेल्या खात्यांची नावे विचारली जातात. तिथे खाते लपवणे हे कोणत्याही पोस्टपेक्षा महागात पडू शकते. जुन्या पोस्ट काढाव्यात की नाही, हेही रात्री दोन वाजता ठरवू नये, वकिलाला विचारून ठरवावे.

सीमेवर अधिकारी वॉरंटशिवाय फोन तपासू शकतात, आणि पासवर्ड द्यायला नकार देणाऱ्या व्हिसाधारकाला प्रवेश नाकारला जाऊ शकतो. तेव्हा प्रवासात गरजेपुरतीच माहिती सोबत न्यावी. खात्यांना दुहेरी पडताळणी (पासवर्डशिवाय आणखी एक खूण मागणारी सोय) लावावी. मोर्च्यातील फोटोत इतरांचे चेहरे असतील तर त्यांना विचारल्याशिवाय ते टाकू नयेत, कारण त्यांच्या व्हिसाची जोखीम आपण उचलत नसतो. शेकडो जणांच्या व्हॉट्सॲप गटात आपला क्रमांक सर्वांना दिसतो, हे तर आपले लोक हमखास विसरतात.

एवढी खबरदारी घेऊन झाल्यावर जे उरते ते केवळ आपल्या मर्जीचे असते : कशावर नाव घालून बोलायचे, कुठे नुसते हजर राहायचे, काय सोडून द्यायचे. मी कुणालाही ‘बोल’ किंवा ‘गप्प बस’ सांगत नाही. विचार करून धरलेले मौन मला मान्य आहे, आणि जोखीम ओळखून घेतलेली भूमिकाही.

ऋताने संघटनेचे काम चालू ठेवले, निवेदनांवर नावानिशी सही करणे चालू ठेवले, फोटो टाकणे मात्र बंद केले. वकिलांनी परदेश प्रवास टाळायला सांगितल्यामुळे ती दिवाळीला घरी आली नाही. बाबांना तिने सबब न सांगता खरे कारण सांगितले. ते आधी चिडले, दोन दिवस बोलले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी फोन करून संघटना नक्की किती पगारवाढ मागते आहे, याची चौकशी करू लागले.